शब्दचर्चा : ऑरगॅनिक लिपबाम, 'सेंद्रिय' की 'नैसर्गिक'?

नौपाडाकर
राम मारुती रोडवर कुठल्याही दुकानात बघा, एकाच फळीवर नॅचरल, ऑरगॅनिक, हर्बल, केमिकल-फ्री. मराठीत आणताना सगळ्यांचं सरसकट 'नैसर्गिक' होतं. ठाण्यातल्या एका बचतगटाच्या लिपबाम आणि कुंकवासाठी माहितीपत्रक लिहायचं आहे. ऑरगॅनिकला 'सेंद्रिय' म्हणावं की 'जैविक'? आणि यातला कुठला शब्द सुरक्षिततेची हमी देतो?

शब्दखूण
सेंद्रिय. सेंद्रिय शेती, सेंद्रिय खत हे घरोघरी रुळलंय. 'जैविक' या अर्थाने हिंदीतून येतोय. 'जैविक भारत' हे चिन्ह खाद्यपदार्थांसाठी आहे, प्रसाधनावर दिसलं तर शंका घ्या.

बेलापूर_लॅब
रसायनशास्त्रातला 'सेंद्रिय' वेगळा, तिथे तो कार्बनी संयुगांना लागतो. त्या हिशेबाने पॅराबेन हे कारखान्यातलं परिरक्षकही सेंद्रिय आणि पेट्रोलियमचं मिनरल ऑइलही! म्हणून विशेषण मालाला न लावता घटकाला लावा : 'प्रमाणित सेंद्रिय शेतीतलं तीळतेल'. कॉसमॉससारखं सेंद्रिय प्रसाधनांचं युरोपीय प्रमाणनही असंच मोजतं. कॉसमॉस ऑरगॅनिक शिक्क्यासाठी भौतिक प्रक्रियेने मिळवलेल्या शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय लागतात. एकूण मालात मात्र साधारण २० टक्के पुरतात, धुऊन टाकायच्या मालात १०. पाणी आणि खनिजं शेतात पिकत नाहीत, त्यामुळे अभ्रक आणि लोहऑक्साइडची आयशॅडो '१०० टक्के सेंद्रिय' असूच शकत नाही.

शब्दखूण
आणि 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी हे तर कोणी ठरवलं? हिंगूळ नैसर्गिक आहे, पण तो पाऱ्याचा सल्फाइड. सुरम्याचा पारंपरिक दगड म्हणजे शिशाचा सल्फाइड. देवाला लावतात तो शेंदूरही मुळात शिशाचा ऑक्साइड. आपल्याकडे या जिनसांना नावं स्वतंत्र आहेत, तरी बाजारात हिंगूळ, शेंदूरही 'कुंकू' म्हणून खपतो.

बेलापूर_लॅब
बरोबर. उलट लाल, पिवळा, काळा लोहऑक्साइड (सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९) प्रसाधनांसाठी मुद्दाम कारखान्यात बनवतात, कारण खाणीतल्या गेरूबरोबर शिसं, आर्सेनिक येऊ शकतं. आपल्या नियमांत रंगद्रव्यातल्या शिशाची मर्यादा २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग), आर्सेनिकची २ पीपीएम.

कुंकवाचं म्हणाल तर चुन्याने लाल केलेल्या हळदीवर लिंबू पिळलं की ती परत पिवळी पडते. टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबू घालून केलेलं कुंकू मात्र लालच राहतं. म्हणजे 'लिंबाने पिवळं पडलं तर अस्सल' ही चाचणी अस्सल मालालाही नापास करते, आणि शिसं तर त्यात कळतच नाही. जांभळी नाक्यावरून सुटं कुंकू घेऊन वर 'हळदीचं' असं छापायचं असेल तर आधी प्रयोगशाळेचा अहवाल घ्या.

घणसोली_गृहोद्योग
लेबल वाचायची एक युक्ती. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याखालचे कसेही, असा नियम आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक बहुधा एक टक्का किंवा त्याहून कमी असतं. कोरफड, केशर, चंदन त्याच्यानंतर आलं की समजा, नावापुरतं आहे. छोट्या डबीवर यादी नसेल तर खोकं बघा. उत्पादन परवाना क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर कितीही 'हर्बल' असो, ठेवून द्या. (आणि हो, बचतगटालाही विकण्यासाठी बनवायला एफडीएचा परवाना लागतो.)

शब्दखूण
'सुगंधविरहित' आणि 'वासरहित' हेही वेगळे ठेवा. फ्रॅग्रन्स-फ्री म्हणजे सुगंधी द्रव्य घातलेलंच नाही. अनसेंटेडमध्ये मूळ वास झाकायला घातलेलं असू शकतं. लिमोनीन, लिनालूल ही नावं लिंबू-लव्हेंडरच्या 'नैसर्गिक' तेलातूनही येतात आणि ॲलर्जी असलेल्याला तितकीच बाधतात. 'हायपोअलर्जेनिक'ला (ॲलर्जीची शक्यता कमी असा दावा) मराठी शब्द शोधू नका, मूळ शब्दच ढिला आहे. त्याऐवजी चाचणी छापा : कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा.

नौपाडाकर
मग 'प्रिझर्वेटिव्ह-फ्री' लिहू का? लिपबाममध्ये व्हिटॅमिन ई आहे.

घणसोली_गृहोद्योग
व्हिटॅमिन ई परिरक्षक नाही. ते तेल खवट होणं लांबवतं, बुरशी-जंतू रोखत नाही. तुमच्या बाममध्ये पाणीच नाही म्हणून परिरक्षकाशिवाय भागतं. ओलं बोट डबीत गेलं की तेही संपलं. नळीत भरा. गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घालणार असाल तर परिरक्षक हवाच, आणि सोडियम बेंझोएट घेतलं तर पीएच पाचाच्या खाली ठेवा, वर ते नीट काम करत नाही.

नौपाडाकर
मजकूर असा करतो : 'प्रमाणित सेंद्रिय तीळतेल ६० टक्के, भिरंडेल २०, मेण १९, व्हिटॅमिन ई १. पाणी नाही. कोरड्या बोटाने लावा.'

घणसोली_गृहोद्योग
'भिरंडेल' छान, पण कंसात 'कोकमाचं तूप' द्या, ठाण्यातल्या सगळ्यांना कोकणी शब्द कळेलच असं नाही. मे महिन्यात बाम मऊ पडतो, तेव्हा मेण २३ वर न्या आणि तेल तेवढंच कमी करा.

शब्दखूण
नुसतं 'मेण' नको. काहींना ते पॅराफिन वाटेल, आणि जैन गिऱ्हाइकाला ते मधमाशीचं आहे हे कळायलाच हवं. 'मधमाशीचं मेण' लिहा. त्यांच्यासाठी कॅन्डेलिला या वनस्पतीच्या मेणाचा वेगळा घाणा काढणार असाल तर ते जास्त कडक असतं, साधारण निम्म्याने सुरुवात करा.