अल्फा, बीटा की गॅमा : केंद्रकाच्या ऱ्हासाचा मार्ग कशावरून ठरतो?

प्रश्न

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. किरणोत्सारी ऱ्हासाचा तक्ता मला पाठ आहे : अल्फा ऱ्हासात अणुअंक २ ने आणि अणुवस्तुमानांक ४ ने घटतो, बीटा ऱ्हासात अणुअंक १ ने वाढतो, गॅमा उत्सर्जनात दोन्ही अंक तसेच राहतात. त्यावरची समीकरणेही मला पूर्ण करता येतात; परंतु एखादे केंद्रक यांपैकी कोणत्या मार्गाने जाईल आणि का, हे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नसते. माझ्या मुख्य शंका तीन आहेत. युरेनियम-२३८ चे केंद्रक एखादा सुटा प्रोटॉन बाहेर न टाकता चार कणांचा बांधलेला गठ्ठाच का टाकते? केंद्रकात इलेक्ट्रॉन नसतात असे शिकवले जाते, तर बीटा ऱ्हासातला इलेक्ट्रॉन येतो कुठून? आणि गॅमा उत्सर्जनात मूलद्रव्य बदलतच नसेल, तर त्याची गणना ऱ्हासात का करायची?

उत्तर १

तुमचा गोंधळ मुळात या नावांमुळे झालेला आहे, आणि मी हा विषय शिकवीत असताना दरवर्षी तो पाहत आलो. अल्फा आणि बीटा ही नावे रदरफर्ड यांनी १८९९ मध्ये दिली. युरेनियमच्या किरणांचा काही भाग पातळ पत्र्यानेच अडत होता आणि काही भाग त्यापलीकडे जात होता, एवढाच त्या वर्गीकरणाचा आधार होता. त्याहून भेदक असे किरण व्हिलार यांना १९०० मध्ये आढळले आणि पुढे त्यांना गॅमा हे नाव मिळाले. केंद्रकाची कल्पना १९११ ची आहे. म्हणजे केंद्रक असते हेच ठाऊक नसताना, किरण किती खोल शिरतात एवढ्यावरून ही विभागणी झाली. केंद्रकाच्या आत काय घडते याचा तिच्याशी संबंध नव्हता. म्हणून तीन ओळींचा तक्ता बाजूला ठेवून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : या केंद्रकाला ऊर्जा कमी करण्याची कोणती वाट मोकळी आहे?

ऱ्हास आपोआप व्हायचा असेल, तर त्यातून निर्माण होणाऱ्या सर्व घटकांचे एकत्रित वस्तुमान मूळ अणूपेक्षा कमी असावे लागते. जेवढे वस्तुमान कमी भरते, तेवढी ऊर्जा बाहेर पडते. युरेनियम-२३८ मधून एक न्यूट्रॉन काढायचा तर सुमारे ६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (केंद्रकातल्या ऊर्जा मोजण्याचे एकक) आणि एक प्रोटॉन काढायचा तर ७ हून अधिक मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते, त्यामुळे त्या दोन्ही वाटा बंदच आहेत. मात्र दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन हेलियम-४ च्या, म्हणजेच अल्फा कणाच्या, रूपाने एकत्र बांधले गेले, की त्या बांधणीतून २८.३ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट परत मिळतात. चौघांना सोडवण्याचा सगळा खर्च त्यातून भागतो आणि वर ४.२७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट उरतात. हेलियम-४ ची बांधणी इतकी घट्ट नसती, तर अल्फा ऱ्हास हा प्रकार आपल्याला जवळजवळ दिसलाच नसता.

वाट मोकळी असली तरी ती सोपी असतेच असे नाही. बाहेर पडू पाहणाऱ्या अल्फा कणासमोर विद्युत प्रतिकर्षणातून उभी राहिलेली ऊर्जेची भिंत असते आणि तिची उंची कणाजवळच्या ऊर्जेच्या कितीतरी पट असते. जुन्या यांत्रिकीनुसार तो कण कधीच बाहेर येऊ शकणार नाही. पुंजयांत्रिकीनुसार मात्र तो भिंतीच्या पलीकडे सापडण्याची अत्यंत अल्प, पण शून्य नसलेली संभाव्यता असते, आणि १९२८ मध्ये गॅमॉव्ह यांनी, तसेच स्वतंत्रपणे गर्नी आणि काँडन यांनी, अल्फा ऱ्हासाचा उलगडा याच आधारावर केला. ही संभाव्यता ऊर्जेबाबत विलक्षण संवेदनशील आहे. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्म्या केंद्रकांचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे; पोलोनियम-२१२ च्या ऱ्हासात ऊर्जा दुपटीपेक्षा किंचित अधिक, म्हणजे ८.९५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळते, तर त्याचा अर्धायुकाल सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट एवढाच आहे. ऊर्जा जेमतेम दुप्पट आणि काळात मात्र एकावर तेवीस शून्यांहून मोठा फरक! इतकी वर्षे झाली, तरी ही तुलना फळ्यावर लिहिताना मला दरवेळी थांबावेसे वाटे.

आता बीटा. इलेक्ट्रॉन केंद्रकात साठवलेला नसतो. तो ऱ्हासाच्या क्षणी निर्माण होतो. दिवा लागण्यापूर्वी प्रकाश दिव्यात भरून ठेवलेला नसतो, तसेच हे समजावे. क्षीण बल या निसर्गातल्या मूलभूत बलामुळे न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते आणि त्याच घटनेत इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो जन्माला येतात. केंद्रकातली एकूण कणसंख्या तीच राहून एक न्यूट्रॉन कमी आणि एक प्रोटॉन जास्त होतो, म्हणून अणुअंक वाढतो. प्रतिन्यूट्रिनोचा उल्लेख अनेक जण गाळतात. तो गाळू नये. चॅडविक यांनी १९१४ मध्ये दाखवले होते, की बीटा कणांची ऊर्जा ठरावीक नसून शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत सलग पसरलेली असते. इलेक्ट्रॉन एकटाच बाहेर पडत असता, तर हे शक्य नव्हते. हरवलेली ऊर्जा एक न दिसणारा कण नेत असावा, असे पाउली यांनी १९३० मध्ये सुचवले, आणि राइन्स व कॉवन यांनी १९५६ मध्ये तो कण प्रत्यक्ष टिपला.

ज्या केंद्रकात प्रोटॉन प्रमाणाबाहेर असतात, त्याची वाट उलटी असते : प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धनभारित कण) बाहेर पडतो, किंवा अणूतलाच एक आतला इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढला जातो. या दोन्ही वाटा नेहमी बरोबरीने उपलब्ध असतात.

उत्तर २

वरच्या उत्तरातले शेवटचे वाक्य दुरुस्त करावे असे मला वाटते. पॉझिट्रॉन निर्माण व्हायचा असेल, तर मूळ अणू आणि नवा अणू यांच्या वस्तुमानांतला फरक किमान १.०२२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाइतका, असावा लागतो. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याला ही अट नाही. बेरिलियम-७ मध्ये हा फरक फक्त ०.८६२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणून ते केंद्रक पॉझिट्रॉन कधीच सोडत नाही. सुमारे ५३ दिवसांच्या अर्धायुकालाने ते केवळ इलेक्ट्रॉन ओढून लिथियम-७ बनते. उलट फ्लोरिन-१८ मध्ये फरक पुरेसा असल्यामुळे ते बहुतेक वेळा पॉझिट्रॉन सोडते, आणि वैद्यकीय पेट तपासणीत त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे.

गॅमाविषयी. माझे काम गॅमा वर्णपटमापकावर, म्हणजे गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणावर, चालते, आणि कोबाल्ट-६० चे गॅमा किरण असे आम्हीही सर्रास म्हणतो, तरी ते किरण कोबाल्टचे नसतात. कोबाल्ट-६० बीटा ऱ्हासाने निकेल-६० बनते, पण निकेलचे हे नवे केंद्रक उत्तेजित अवस्थेत जन्मते; ते खालच्या पातळ्यांवर उतरताना १.१७ आणि १.३३ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन (गॅमा किरणांचे कण) सोडते. त्यामुळे गॅमा हा बहुधा आधीच्या ऱ्हासाचा उत्तरार्ध असतो. त्याला स्वतंत्र ऱ्हास म्हणणे कुठे सार्थ ठरते, तर टेक्निशियम-९९एम सारख्या उदाहरणात. तिथे उत्तेजित अवस्थाच ६ तासांच्या अर्धायुकालाने टिकून राहते. शिवाय उत्तेजित केंद्रक दरवेळी फोटॉनच सोडते असे नाही. कधी ते आपली ऊर्जा थेट अणूतल्या इलेक्ट्रॉनला देते आणि तो इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्याला बीटा समजू नये, कारण त्याची ऊर्जा ठरावीक असते आणि त्याच्याबरोबर न्यूट्रिनो नसतो.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ पर्यंतची साखळी मांडून पाहिली. अणुवस्तुमानांक ३२ ने घटतो, म्हणजे ८ अल्फा. तेवढ्याने अणुअंक ७६ वर यायला हवा, पण शिशाचा ८२ आहे, म्हणजे ६ बीटा. केवळ अल्फाच निघाले असते, तर ७६ प्रोटॉनांमागे १३० न्यूट्रॉन उरले असते आणि न्यूट्रॉनांचे प्रमाण मुळापेक्षाही वाढले असते; ते सावरण्यासाठी मधूनमधून बीटा येतात, हे आता लक्षात आले. एक गोष्ट मात्र अडते. पोटॅशियम-४० हे कॅल्शियम-४० मध्येही जाते आणि अरगॉन-४० मध्येही जाते. एकाच केंद्रकात न्यूट्रॉनही जास्त आणि प्रोटॉनही जास्त, असे कसे असू शकेल?

उत्तर १

आधीच्या दुरुस्तीबद्दल आभारी आहे. ‘नेहमी’ हा शब्द मी वापरायला नको होता.

पोटॅशियम-४० मध्ये १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन आहेत, दोन्ही संख्या विषम. केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनाशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनाशी जोडी जमवतात आणि जोडी जमली की ऊर्जा कमी होते. इथे दोन्हीकडे एकेक कण एकटा राहतो, म्हणून हे केंद्रक दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा वरच्या पातळीवर आहे. न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला तर २० आणि २०, प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला तर १८ आणि २२ : कुठल्याही बाजूने गेले तरी जोड्या पूर्ण होतात. सुमारे ८९ टक्के केंद्रके कॅल्शियमकडे जातात आणि उरलेली जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉन ओढून अरगॉनकडे. तरीही अर्धायुकाल १२५ कोटी वर्षांचा आहे, याचे कारण पोटॅशियम-४० च्या केंद्रकाची फिरकी (स्पिन, म्हणजे केंद्रकाचा अंगभूत कोनीय संवेग) ४ आहे आणि कॅल्शियम-४० ची शून्य. एवढा फरक एका ऱ्हासात भरून काढणे क्षीण बलाला फार अवघड जाते.

उत्तर २

त्याच कारणाने अरगॉनकडे जाणारी केंद्रकेही सहसा थेट तळाच्या पातळीवर उतरत नाहीत. ती अरगॉनच्या १.४६१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या उत्तेजित पातळीवर जातात, जिची फिरकी २ आहे, आणि तिथून एक गॅमा फोटॉन सोडून खाली येतात. मापकासमोर कोणताही नमुना नसताना घेतलेल्या वर्णपटातही ही रेषा ठळक दिसते, कारण माती, भिंती आणि आपले शरीर या सर्वांत पोटॅशियम असते. आम्ही तिला पोटॅशियमची रेषा म्हणतो. तो फोटॉन कोणत्या केंद्रकाने सोडला, हे तुम्हाला आता सांगता येईल.