मदत हवी आहे: रेसिमिक आणि मेसो, दोन्हींचं रोटेशन शून्य, मग फरक काय?

शमिका२१
सोमवारी पेपर आहे, प्लीज लवकर सांगा. रेसिमिकचं रोटेशन (म्हणजे ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवणं) शून्य, मेसोचंही शून्य. मग दोन शब्द कशाला? ब्यूटीन आणि ब्रोमीनच्या प्रश्नात मी 'रेसिमिक' लिहिलं, सरांनी काट मारून 'मेसो' केलं. माझं काय चुकलं?

निवांत_नाना
कोणतं ब्यूटीन? दुहेरी बंध १ वर की २ वर?

शमिका२१
२च, अजून कोणतं असणार?

निवांत_नाना
अगं, तू लिहिलं नाहीस म्हणून विचारलं. आता सिस (दोन्ही मिथिल एकाच बाजूला) की ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) तेही सांग, कारण उत्तर त्यावरच ठरतं. ब्रोमीनचे दोन अणू दुहेरी बंधाला विरुद्ध बाजूंनी जोडले जातात. त्यामुळे सिसपासून रेसिमिक मिळतं, ट्रान्सपासून मेसो.

गोळ्यांचं_दुकान
रेसिमिक समजायला औषधांची उदाहरणं घ्यावीत. सेटिरिझिन रेसिमिक असतं, डावं-उजवं (एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली रूपं) दोन्ही समप्रमाणात. त्यातलं एकच रूप वेगळं केलं की लिव्होसेटिरिझिन. म्हणून एकाचा नेहमीचा डोस १० मिलिग्रॅम, दुसऱ्याचा ५. आयबुप्रोफेनही रेसिमिकच विकतात, त्यातलं एक रूप शरीरात काही प्रमाणात दुसऱ्यात बदलतं.

निवांत_नाना
माहिती चांगली आहे, पण तिचं अडलंय ते मेसोपाशी, म्हणजे स्वतःच्याच आरशातल्या प्रतिमेशी जुळणाऱ्या रेणूपाशी.

शमिका२१
ट्रान्स होतं. पण मी झिगझॅग काढून बघितलं. एक ब्रोमीन वेजवर (कागदाच्या पुढे), एक डॅशवर (मागे). आरशाची पातळी कुठेच दिसत नाही! मग मेसो कसं?

मधली_सुट्टी
इथेच घोटाळा आहे. झिगझॅग चित्रात साखळी ताणलेली असते, त्या स्थितीत पातळी दिसणारच नाही. मधल्या बंधाभोवती एक कार्बन १८० अंश फिरव, दोन्ही मिथिल समोरासमोर येतील, दोन्ही ब्रोमीनही. आता मधोमध आरसा ठेव. तुझ्या ताणलेल्या चित्रातही सममिती आहेच, फक्त ती केंद्राची आहे, पातळीची नाही. सममिती केंद्र असलं तरी तो रेणू कायरल (आरशातल्या प्रतिमेपेक्षा वेगळा) नसतो.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
फिरवाफिरवीत पोरं हमखास चुकतात. फिशर (साखळी उभी, गट डावी-उजवीकडे असं चित्र) काढा. दोन्ही ब्रोमीन एकाच बाजूला आले तर मेसो, विषय संपला.

मधली_सुट्टी
फिशर काढतानाच तर वेज-डॅशची अदलाबदल होते. त्यापेक्षा आर-एस (गटांना अग्रक्रम देऊन ठरवलेली प्रत्येक कार्बनची दिशा) लावा. दोन्ही कार्बनवर तेच चार गट असतील आणि एक आर, एक एस निघाला, तर मेसो. इथे २आर,३एस येतं.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
आर-एस लावताना अग्रक्रम चुकला की तेही गेलं. तीस वर्षं प्रॅक्टिकलला उभा राहिलोय. काड्यापेटीच्या काड्या आणि कणकेचे गोळे घे, मॉडेल बनव, हाताने फिरव. परत विसरणार नाहीस.

द्राक्षबागायतदार
शब्दाबद्दल कोणी बोललंच नाही. लॅटिनमध्ये रेसिमस म्हणजे द्राक्षांचा घोस. वाइनच्या पिंपांत जमणाऱ्या खड्यांतून टार्टारिक आम्ल मिळायचं, त्याच्याच जोडीला सापडलेल्या दुसऱ्या आम्लाला हे नाव पडलं. पाश्चरने १८४८ मध्ये त्याच्या सोडियम अमोनियम क्षाराचे स्फटिक चिमट्याने निवडून डावे-उजवे वेगळे केले. हा क्षार साधारण २७ अंशांखाली स्फटिकला तरच असे सुटे स्फटिक मिळतात.

निवांत_नाना
शमिका, तुझं उत्तर ह्यातच आहे बघ. रेसिमिक म्हणजे दोन वेगळे रेणू समसमान, त्यामुळे पाश्चरला ते निवडता आले. मेसोतून काहीच निवडता येणार नाही, कारण रेणू एकच आणि तो स्वतःच स्वतःची आरशातली प्रतिमा. एका रेणूला रेसिमिक म्हणता येत नाही. ते विशेषण नमुन्याचं, मेसो हे रेणूचं.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
दुरुस्ती: घनरूपात रेसिमिक म्हणजे नुसतं मिश्रण असेलच असं नाही. टार्टारिकचं एकटं रूप सुमारे १७० अंशांना वितळतं, रेसिमिक २०६ला, मेसो १४०च्या आसपास. रेसिमिकच्या स्फटिकात डावा-उजवा जोडीने बसलेला असतो.

पुढचं_वर्ष
एमएस्सी प्रवेश परीक्षा देणार असशील तर आत्तापासून नामकरण पक्कं कर.

शमिका२१
कणकेचं केलं, दिसलं! मग ट्रान्स २-पेंटीनवर ब्रोमीन घातलं तरी मेसोच ना?

मधली_सुट्टी
नाही. तिथे एका टोकाला मिथिल, दुसऱ्या टोकाला इथिल. दोन्ही कार्बनवर तेच गट नाहीत, त्यामुळे २,३-डायब्रोमोपेंटेनला मेसो रूपच नाही. सिस घे नाहीतर ट्रान्स, दोन्हीकडून रेसिमिकच मिळेल. फक्त सिसपासूनचं आणि ट्रान्सपासूनचं रेसिमिक वेगवेगळं असेल.