निवृत्तीला अकरा महिने उरलेत, पीएफचे पैसे मुलाच्या फ्लॅटला द्यावेत का?

बोरीकाठचा, जळगाव

नमस्कार मंडळी. मी मूळ अमळनेर तालुक्यातला. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात 1998 साली लागलो, आता शिफ्ट सुपरवायझर आहे. पुढच्या मे महिन्यात 58 पूर्ण होतील आणि नोकरीची 28 वर्षंही भरतील.

पीएफ 15 लाख 80 हजारांपर्यंत जाईल. बेसिक 26,000, त्यामुळे ग्रॅच्युइटी 4 लाख 20 हजार. दोन्ही मिळून 20 लाख. पीएफची पेन्शन महिना 4,200 च्या आसपास बसेल असं ऑफिसातल्या मुलानं काढून दिलं. राहतं घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. गावी दोन एकर कोरडवाहू, भावाकडे बटाईनं दिलंय. कापूस बरा आला तर वर्षाला 40,000 हाती येतात.

घरखर्च 21,000. त्यात हिच्या शुगरच्या गोळ्या आणि तपासण्यांचेच 3,400 जातात. एप्रिल-मे महिन्यांत दोन कूलर चालतात, तेव्हा बिल वेगळंच येतं.

मुलगा पुण्यात आहे, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. फ्लॅट बघितलाय, 8 लाख कमी पडताहेत. त्यानं मागितले नाहीत, सूनबाईनं हिच्याजवळ विषय काढला. दुसरीकडे गल्लीतल्या पतसंस्थेचे मॅनेजर ओळखीचे, ते म्हणतात सगळी रक्कम आमच्याकडे ठेवा, साडेदहा टक्के देतो. ही काल रात्री एवढंच बोलली, "पोऱ्या वाईट नही, पन आपला हातमा काय ऱ्हाई?" तेव्हापासून झोप नाही. ज्यांनी हे दिवस पाहिलेत त्यांनी सांगा.

सावद्याची ताई

भाऊ, आधी पतसंस्थेचं बोलते, कारण ते मी भोगलंय.

आमचे हे 2005 साली रिटायर झाले. 4 लाख 10 हजार मिळाले. बँकेपेक्षा तीन-चार टक्के जास्त म्हणून सगळेच्या सगळे एका पतसंस्थेत ठेवले. संचालक घरी चहाला येणारे, पावत्याही घरी आणून दिल्या. दीड वर्ष व्याज वेळेवर आलं. मग एका सकाळी काउंटरवर गर्दी दिसली आणि दुपारी शटर खाली. पुढची कितीतरी वर्षं हे पिशवीत पावत्या घालून आधी पतसंस्थेत, मग सहकार निबंधकांच्या कार्यालयात जात राहिले. कधी दहा हजार, कधी पाच. एका वर्षी काहीच नाही. ते गेले तेव्हा पिशवीत सव्वादोन लाखांच्या पावत्या होत्या. माझ्याकडे आजही आहेत. मी उडदाचे पापड आणि बिबड्या करून दिवस काढले, मुलीचं बाळंतपण केलं.

तुम्हाला कुणी सांगत नसेल म्हणून सांगते. बँक बुडाली तर एका खातेदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे. 2020 च्या आधी तो 1 लाखच होता. पतसंस्थेला तो विमा लागूच नाही. पाटीवर "सहकारी" लिहिलेलं असतं म्हणून आपली माणसं दोन्ही एकच समजतात. मॅनेजर चांगले असतील, आमचेही होते.

नंतर घरामागचा प्लॉट विकला, त्यातले 6 लाख एप्रिल 2023 मध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले. दर 8.2 टक्के, उघडताना जो असतो तोच पाच वर्षं राहतो. दर तिमाहीला 12,300 जमा होतात. ते खात्यावर पडले की मी पासबुक भरून आणते, प्रत्येक वेळी. तेवढ्यासाठी चालत जाते.

मुलाचं तुमचं तुम्ही ठरवा. पण वहिनी जे बोलल्या ते दोनदा ऐका. पुरुष आधी जातो बहुतेक वेळा, आणि पीएफची पेन्शन मागे बायकोला निम्मी मिळते. 4,200 चे 2,100 होतील. त्या दिवसाचा हिशेब आजच मांडा.

धुळेकर

काका, मी सीएच्या ऑफिसात काम करतो. ताईंनी सांगितलेल्या योजनेला साधारणपणे 60 वर्षं लागतात, पण निवृत्त होणाऱ्याला 55 नंतरही चालते. अट अशी की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं, आणि त्या रकमेपेक्षा जास्त टाकायचं नाही. हे तीन महिने चुकवू नका. एक लाखाच्या वरची रक्कम चेकनंच भरावी लागते.

आताच्या 8.2 नं धरतो. 15 लाख टाकले तर तिमाहीला 30,750, म्हणजे महिना 10,250. पेन्शन 4,200, शेतीचे सरासरी 3,300. एकूण 17,750. 8 लाख मुलाला दिले तर उरलेले 12 लाख सगळे गुंतवूनही 15,700 वर थांबता, आणि आजारपणाला हाताशी दमडी नाही. हे खातं वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दोन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलातले दीड टक्के कापतात. म्हणून 2 लाख बँकेत साध्या एफडीत वेगळे ठेवा. उरलेले 3 लाख म्युच्युअल फंडात टाकून सात-आठ वर्षं विसरा. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तरी तुमचे 21,000 बारा वर्षांत 42,000 होतात. व्याज मात्र तेवढंच राहतं.

शेती कोरडवाहू, तिचे पैसे खर्चात धरू नका. पाऊस नाही आला तर काय?

काकूंचा आरोग्य विमा मात्र आजच बघा, मे महिन्याची वाट बघू नका. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. 70 झाल्यावर आयुष्मान कार्डावर 5 लाखांचं कव्हर मिळतं, 2024 पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. पण मधली वर्षं तुमची तुम्हालाच काढायची आहेत. व्याजातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापू नये म्हणून पोस्टात त्यासाठीचा फॉर्म भरून द्या.

बोरीकाठचा, जळगाव

ताई, तुमचं वाचून हिला वाचून दाखवलं. ती मध्येच उठून आत गेली, परत आली तेव्हा डोळे पुसत होती. पावत्यांच्या पिशवीवर आम्ही दोघं बराच वेळ बोललो.

धुळेकर भाऊ, तुमचा आकडा वहीवर उतरवला. शेती सोडली तर 14,450 येतात. 21,000 मधून कुठे काय कमी करायचं ते आम्ही बसून बघितलं. मी दोन वर्षं एखाद्या गोडाऊनवर हिशेबाचं काम बघणार, कारखान्यात एकाशी बोलून ठेवलंय. पतसंस्थेच्या मॅनेजरांना आज सकाळीच नाही सांगितलं.

मुलाला रात्री फोन केला. 8 लाख जमणार नाहीत, आईच्या नावची 1 लाख 20 हजारांची एफडी मोडून देतो म्हणालो. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आबा, ती मोडू नका, फ्लॅट पुढच्या वर्षी बघू." येत्या रविवारी दोघं येताहेत. ही भरताची वांगी आणायला सांगतेय, कळण्याची भाकरीही करणार.

एक विचारायचं राहिलं. पोस्टातलं खातं मला हिच्यासोबत जॉइंट काढायचंय. फोटो आणि आधार सोडून हिचे अजून कुठले कागद लागतील?

सावद्याची ताई

भाऊ, पॅन लागेल, दोघांचं. वहिनींचं नसेल तर आताच अर्ज करा. आणि वारस म्हणून नाव लावायला विसरू नका. आमच्या पावत्यांवर ते कोरं होतं.