बासिलिकाता की लुकानिया?

दक्षिण इटलीतल्या एकाच प्रदेशाला ही दोन नावं का, असा प्रश्न एकाने विचारलाय. लुकानिया हे प्राचीन लुकानी लोकांवरून आलेलं नाव. बासिलिकाता मात्र सरकारी थाटाचं: बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या अधिकाऱ्याला म्हणत 'बासिलिकोस', त्यावरून. मुसोलिनीच्या काळात, 1932 साली, लुकानिया अधिकृत झालं. 1947 मध्ये पुन्हा बासिलिकाता. पण तिथला माणूस स्वतःला आजही 'लुकानो'च म्हणवतो!

गंमत म्हणजे हद्दी जुळतच नाहीत. जुन्या लुकानियातला चिलेंतो हा भाग आज शेजारच्या कांपानिया प्रदेशात आहे, आणि गुहाघरांचं मातेरा शहर मुळात लुकानियात नव्हतंच. ते 1663 मध्ये बासिलिकाताला जोडलं गेलं. पश्चिमेच्या टायरेनियन समुद्राकडे तर या प्रदेशाचं एकच गाव, मारातेया. बाकी बहुतेक भाग डोंगर-टेकड्यांचाच. राजधानी पोतेन्झासुद्धा 819 मीटरवर.