मदत हवी आहे: खाली थेंब पडत नाही, तरी कूलंट कमी होतंय. इंजिनचं हेड (वरचा भाग) खोलायच्या आधी काय काय तपासू?

नमस्कार. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. गाडी 2013 ची, छोटी डिझेल, टर्बोवाली. कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू खालच्या रेघेच्याही खाली जाते, पण गाडी उभी असते तिथे जमीन कोरडी. सकाळी यवतमाळला गेलं तर तापमानाचा काटा मधोमध राहतो. दुपारच्या उन्हात एसी लावून, माणसं भरून चढ लागला की वर सरकतो. एसी बंद केला की परत खाली येतो.

तालुक्याच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिलं आणि सांगितलं, हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं, इंजिन खोलावं लागेल. खर्च वीस हजारांच्या वर. पेरणी तोंडावर आहे, बी-बियाणं आणि खत सोडून तेवढा पैसा काढणं आत्ता जड आहे. बरं, सासूबाईंना सेवाग्रामला तपासणीला न्यायला हीच गाडी आहे, त्यामुळे उभी ठेवूनही चालत नाही. हेडच गेलं असेल तर करूच, पण त्याआधी खात्री हवी.

मी पाहिलेलं सांगते. ऑइलची काडी काढली, ऑइल काळं आहे, दुधाळ नाही. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरलेली नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. पायाखालची मॅट कोरडी, आत गोडसर वास नाही, काचेवर तेलकट वाफ धरत नाही, म्हणजे हीटरची जाळी फुटलेली नसावी. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाकला. सकाळी डाव्या बाजूला फक्त स्वच्छ पाण्याचा ओलावा होता, बिनवासाचा, आणि तोही एसी चालवला त्याच दिवशी.

शेजारचे काका म्हणतात, रेडिएटरमध्ये हळद टाक, भोक बुजतं. दुकानदार लीक बंद करायची पावडर देतोय. आणि रस्त्यात कूलंट कमी पडलं तर बोअरचं पाणी टाकलं तर चालेल का? आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो.

प्रतिसाद (गॅरेज, आर्वीकडे)

ताई, हेड इतक्यात खोलू नका. जे पाहिलं ते बरोबर पाहिलं, पण गॅस्केटचा निकाल त्याच्यावर लागत नाई. सकाळी इंजिन पुरं थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पातळी भरा, गाडी चालू करून पाह्यजा. सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येते. मग मिस्त्री बरोबर. सुरुवातीला थोडी हवा निघतेच, तिले घाबरू नका.

दुसरं, प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी पंप आणि मीटर लावतात, झाकणावर लिहिलं असते तेवढं, म्हणजे साधारण 0.9 ते 1.1 बार, प्रेशर देतात आणि पंधरा-वीस मिनिटं काटा पाहतात. काटा पडला आणि बाहेर कुठं ओलं दिसलं, तर जागा सापडली. काटा पडला आणि बाहेर सारं कोरडं, तर गळती आत आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारू देऊ नका, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फाटते.

गरम इंजिनचं झाकण कोणी कितीही म्हटलं तरी उघडू नका. आतलं पाणी प्रेशरमुळं शंभर डिग्रीच्या वरही उकळत नाई, झाकण सैल झालं की एकदम उकळून अंगावर येते.

प्रतिसाद (अकोला)

थेंब न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. गळती फक्त गरम आणि प्रेशरमध्ये असताना होते, कूलंट तापलेल्या लोखंडावर पडून तिथेच आटतं आणि मागे पांढरट किंवा हिरवट-गुलाबी खपली राहते. म्हणून ओलं शोधू नका, खपली शोधा. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन होजच्या क्लिपांखाली, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या शिवणीवर, थर्मोस्टॅटच्या जोडावर आणि सगळ्यात आधी वॉटर पंपाखाली पाहा. पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथूनच बाहेर येतं.

झाकणाचं रबरही पाहा. रबर चिरलं की प्रेशर धरत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि वाफ होऊन जातं. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री असतं, तेव्हा हा दोष जास्त दिसतो. झाकण स्वस्त आहे, शंका असेल तर बदलाच.

डिझेल आहे म्हणून आणखी एक. ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तर कूलंट धुराबरोबर जातं, खाली काहीच पडत नाही. बाहेर कुठे खपली सापडली नाही तर हेडच्या आधी तो तपासायला सांगा.

पुठ्ठ्यावरचं ते पाणी एसीचं आहे, ते सोडून द्या. लाल डाग दिसला तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटो गिअरचं ऑइल, काळा-तपकिरी तर इंजिन ऑइल. चाकाजवळ पिवळसर, पातळ आणि निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल, मग गाडी जागेवरून हलवू नका.

प्रतिसाद (गॅरेज, आर्वीकडे)

हळद राहिली सांगायची. हळद आणि पावडर भोक बुजवते, पण रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. जंगलात अडकले तर एक वेळ समजू शकतो, घरी उभ्या गाडीत टाकू नका. बोअरच्या पाण्याचा थर भांड्यावर बसते तसा आत बसते आणि उष्णता धरून ठेवते. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी दोन-तीन लिटर गाडीत ठेवा. काढलेलं जुनं कूलंट गोठ्याकडं, अंगणात ठेवू नका. ते गोड लागते, कुत्रं-वासरू पिते आणि मरते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. थंड इंजिनला बुडबुडे थोडा वेळ आले आणि थांबले. होज लगेच कडक होत नाही. आरशात वॉटर पंपाखाली हिरवट खपलीची रेघ स्पष्ट दिसली, फोटो काढून ठेवलाय. झाकणाचं रबरही कडक होऊन चिरलंय. यवतमाळला प्रेशर टेस्ट करूनच पंप बदलायचं ठरवलं. पंपासोबत आणखी काय बदलून घेऊ?

प्रतिसाद (अकोला)

झाकण, पंपाचं गॅस्केट आणि नवं कूलंट, तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलंय त्याच प्रकारचं, दोन प्रकार मिसळू नका. पंप कशावर फिरतो ते विचारा. टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या आतल्या कव्हरमागचा पट्टा) असेल तर बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच खोलण्यात बदला, मजुरी एकदाच लागते. बाहेरच्या बेल्टवर असेल तर तो बेल्ट तडकलाय का पाहा. भरल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढायला लावा, फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत तिथेच थांबा. सेवाग्रामला निघायच्या आधी जवळच्या जवळ फेरी मारा आणि गाडी थंड झाल्यावर बाटलीची रेघ पुन्हा पाहा. नंतरही पातळी उतरली तर इथेच लिहा, मग ईजीआर कूलरकडे वळू.