शेन्झेनमधील स्थानिक फास्ट फूड साखळ्या: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (नवा शेन्झेनकर):
कामानिमित्त शेन्झेनला येऊन मला तीन महिने झाले. दुपारच्या सुट्टीत मी बहुधा केएफसीतच जातो, कारण तिथला फलक तरी ओळखीचा असतो. अर्थात तिथेही सकाळी भाताची पेज मिळते, हे पाहून मी चकित झालो होतो. आता एखाद्या चिनी साखळीत जेवून पाहावे, असे वाटते. मी कोंबडी, अंडी व मासे खातो, परंतु गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही. चिनी लिपी मला वाचता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर (ग्वांगडोंगमधील जुना रहिवासी):
माझ्या मते 'झेन गोंगफू'पासून करावी. ही साखळी आपल्या शेजारच्या डोंग्वानचीच आहे, आणि तिचा सारा भर वाफेवर शिजवण्यावर आहे. चिनी स्वयंपाकात कढई आणि आचाऱ्याचा हात यांवर चव ठरते, त्यामुळे प्रत्येक शाखेत तीच चव राखणे कठीण जाते. वाफेच्या कपाटात मात्र ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ वाटी ठेवली की काम होते. मशरूम घातलेल्या कोंबडीचा भात मागवावा. तिखट मुळीच नसतो, किंबहुना आपल्या जिभेला थोडा अळणीच लागेल. बोधचिन्हातला पिवळ्या कपड्यांतला माणूस पाहून ब्रूस ली आठवल्यास त्यात आपली चूक नाही. त्यावरूनच २०१९ मध्ये ब्रूस लीच्या मुलीच्या कंपनीने या साखळीवर खटला भरला होता.

उत्तर (अर्धशाकाहारी):
एक सावधगिरी सुचवतो. चिनी भाषेत नुसते 'रौ' म्हटले, की डुकराचे मांस असाच अर्थ घेतला जातो. इतर मांसाच्या आधी प्राण्याचे नाव लागते, उदाहरणार्थ 'न्यूरौ' म्हणजे गोमांस. म्हणून 'मांस नको' एवढेच सांगितले, तर समोरचा निःशंकपणे कोंबडी किंवा सुकी कोळंबी घालू शकतो. एका लहानशा खानावळीत मी टोफू शाकाहारी समजून मागवला आणि त्यावर खिमा निघाला. 'वो बू छ झूरौ, बू छ न्यूरौ' (मी डुकराचे मांस खात नाही, गोमांस खात नाही) हे वाक्य चिनी लिपीत लिहून फोनमध्ये जपून ठेवावे. मेजावरचा क्यूआर कोड वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपने उघडल्यास पदार्थांची छायाचित्रेही दिसतात.

उत्तर (सकाळचा खवय्या):
न्याहारीसाठी 'योंगह दावांग' पाहावे. १९९५ मध्ये शांघायमध्ये सुरू झालेली ही साखळी आज फिलिपिन्सच्या जॉलिबी या फास्ट फूड कंपनीच्या मालकीची आहे. सोयाबीनचे गरम दूध आणि योउत्याव, म्हणजे तळलेल्या पिठाची जोडकांडी, हा तिथला खरा मेवा; चहात खारी बुडवावी तशी ती दुधात बुडवून खावी. गोड दूधच मागवावे. खारट प्रकारात व्हिनेगर घालतात, त्यामुळे ते फाटलेल्या दुधासारखे दिसते, आणि त्यात अनेकदा सुकी जवळाही असते. मला ते दुसऱ्या खेपेला आवडले, पहिल्या खेपेला नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. आज दुपारी कोंबडीचा भात खाल्ला; कोंबडी मऊ होती, सोबतची उकडलेली पालेभाजीही चांगली होती, पण अळणीपणाचा इशारा अगदी खरा ठरला. उद्यापासून लसणाच्या चटणीची डबी बॅगेत ठेवणार आहे. ती मेजावर उघडणे इथे अशिष्ट तर समजले जात नाही ना?