जिल्हा परिषदेने मागितल्याशिवाय निधी येणार नाही

काही जण म्हणतात की आरोग्याचा पैसा मुंबईत ठरतो, गावाने त्यात काय करायचं? मला हे अर्धंच पटतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी असं लिहिलंय. त्यासाठी मंत्रालयात भांडायलाच हवं. पण नुसतं 'पैसा वाढवा' म्हटल्याने कुणी हलत नाही.

२००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरीच उपकेंद्राची तपासणी करायचे, हिरवा-पिवळा-लाल शेरा द्यायचे आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारायचे: औषध बाहेरून का आणायला लावलं? नर्स मुक्कामी का नाही? गावात न सुटणारे प्रश्न तिथूनच राज्य पातळीवर जायचे. मागणी अशी पुराव्यासकट गेली की ती टाळणं जड जातं.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य सभापतींनी हे काम अंगावर घ्यायला हवं. दवाखान्यांच्या उद्घाटनांना ते दिसतात. रिक्त पदांची यादी घेऊन आरोग्यमंत्र्यांकडे गेलेले फार कमी. तुमच्या गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा खर्च येत्या ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.